अंगठा आणि शेजारचं बोट

दोरीच्या मल्लखांबात दोराला गाठ नसते. पूर्वी वेत असायचा. चांगला वेत मिळेनासा झाला, तसा सुती दोर आला. २९व्या वर्षी त्याच्यासमोर उभी राहिले, तेव्हा माझं लक्ष स्वतःच्या काडीसारख्या दंडांवर. शेजारी ८-९ वर्षांच्या मुली सरसर वर. (त्यांचं वजन किती, हा हिशेब मी रोज करायचे.)

"ताई, दंडाचं सोडा. अंगठा बघा," सर म्हणाले.

पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा, गुडघे पोटाशी घ्यायचे, मग पायांवर उभं राहायचं. बेचकं सोलवटलं, रात्री खोबरेल लावलं. 'जमणार नाही' हे वाटणं गेलं नाही. पण वर असताना सगळा जीव त्या दोन बोटांत, त्याच्याकडे बघणार कोण?

परवा वरच्या कडीला हात लागला. खालून एक चिमुरडी ओरडली, "ताई, आता उलटं!"