कवितेला शुद्धलेखनाचे गुण

गेले पंधरा दिवस आमच्या घरी रात्रीच्या पंगतीत एक वाद रंगला आहे, आणि गंमत अशी, की त्याचे मूळ दूर दक्षिण कोरियात आहे. धाकट्या भावजींचा मुलगा नोकरीनिमित्त तीन वर्षे सोल येथे होता. तेथील भाषा त्याने हौसेने आत्मसात केली. परत येताना त्याने तेथील प्रौढ साक्षरवर्गांतल्या विद्यार्थ्यांच्या काही पारितोषिकप्राप्त कविता आणल्या आणि एका रविवारी आम्हां सर्वांना त्यांचा अर्थ उलगडून सांगितला.

ही स्पर्धा त्या देशात दरवर्षी होते. उतारवयात अक्षरे गिरवू लागलेल्यांनीच तीत भाग घ्यावयाचा. एका कागदावर थोड्या ओळींची कविता, आणि शेजारी चित्र. निवडक कागद सप्टेंबर महिन्यात प्रदर्शनात मांडतात. ८ सप्टेंबर हा युनेस्कोने १९६६ साली ठरविलेला साक्षरतादिन, हे त्याचे निमित्त. उत्तम ठरतील त्यांना खुद्द शिक्षणमंत्र्यांच्या नावाचे पारितोषिक मिळते. स्पर्धकांत मोठा भरणा सत्तरी-ऐंशीच्या आजीबाईंचा!

ज्या देशाच्या सेजोंग राजाने १४४६ साली सामान्य प्रजेला सहज शिकता यावी म्हणून स्वतंत्र लिपी दिली, तेथे इतक्या स्त्रिया अक्षरशत्रू कशा राहिल्या, असा प्रश्न आमच्या धाकट्या जाऊबाईंनी विचारला. १९१० ते १९४५ तेथे जपानचे राज्य होते. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषेचीच हकालपट्टी होऊ लागली. पाठोपाठ १९५० ते १९५३ चे युद्ध आणि त्यामागून दारिद्र्य आले. पण या सर्वांहून चिवट कारण आपल्या पूर्ण परिचयाचे आहे. मुलगी शाळेत गेली, तर धाकटी भावंडे सांभाळावयाची कोणी?

कवितांचे विषय ऐकता ऐकता मुलांचे खिदळणे थांबले. बसवरची पाटी प्रथमच वाचता आली त्या दिवसाचा आनंद. बँकेतला कागद स्वतः भरल्याची ऐट. आपल्याला वाचता येत नाही हे पोटच्या मुलांपासून लपविल्याची खंत. निवर्तलेल्या नवऱ्याला लिहिलेले पहिलेच पत्र.

मामंजी मात्र प्रसन्न दिसले नाहीत. त्यांची सारी नोकरी मराठीचे शिक्षक म्हणून झाली. वय नव्वदीला टेकले, तरी वर्तमानपत्रातल्या ऱ्हस्वदीर्घांवर तांबडी पेन्सिल फिरविल्यावाचून त्यांना चहा गोड लागत नाही. या आजीबाईंच्या लेखनातल्या चुका व बोलीतले शब्द तसेच राहू देतात, हे ऐकून ते म्हणाले, "कौतुकच करावयाचे, तर शाल द्या, नारळ द्या. त्याला काव्याचे पारितोषिक कशाला म्हणता?"

मी भीत भीत म्हटले, "मामंजी, आपण लहानपणी 'असें', 'नाहीं' असे अनुस्वार देऊन लिहावयास शिकलात. १९६२ साली नवे नियम आले आणि ते अनुस्वार गेले. त्यामुळे आधीच्या कविता काही हिणकस झाल्या नाहीत."

"नियम बदलणे निराळे आणि नियम ठाऊक नसणे निराळे, सूनबाई," ते म्हणाले. हे उत्तर खोडून काढण्याजोगे नव्हते, हे कबूल केलेच पाहिजे.

दोन दिवसांनी त्यांनी आपण होऊनच विषय काढला. त्यांच्या मातोश्रींना, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंना, वाचता येई. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय त्या रोज वाचीत. पण लिहिता येत नसे. त्या पिढीत असे कितीतरी घरी होते. पोथीपुरते वाचन शिकविले, की बोरूची गरज कोणास वाटत नसे. माहेरी पत्र धाडावयाचे झाले, की त्या सांगत आणि नऊ वर्षांचे मामंजी लिहीत.

"आईची बोली कोकणातली," मामंजी म्हणाले. "ती सांगे, आणि मी ते शुद्ध करून उतरवी. गुरुजी शाबासकी देतील असे लिहावयाचे, एवढेच मला कळे. शिवाय पोरापुढे ती मनातले सांगणार तरी काय? सारी पत्रे 'येथील सर्व क्षेम' अशीच. तिचे म्हणावे असे एक वाक्य आज माझ्यापाशी नाही." एवढे बोलून ते पानावरून उठले.

साहित्यातल्या पारितोषिकांविषयी मला स्वतःला फारसे प्रेम नाही. त्यांनी कवी सुधारत नाहीत आणि मित्र तुटतात. परंतु येथे पारितोषिकाने साधते ते काही वेगळेच. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतले, तिला चारचौघांत विचारले जाते, की तुमचे स्वतःचे म्हणणे काय? तेही तिच्याच अक्षरात, मधे कोणी शुद्ध करणारा न ठेवता. चुका पुसल्या, तर परीक्षकांपुढे उरेल ते शिकविणाऱ्याचे लेखन. दयेने गुण वाढविले जात असतील, ही मामंजींची शंका मात्र मी पुरती झटकून टाकू शकत नाही.

पुतण्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तेथील चिलगोक परगण्यातल्या साक्षरवर्गांतल्या आजीबाईंचा कवितासंग्रह २०१५ साली निघाला. पुढे २०२० साली त्यांच्यातल्या पाच जणींच्या हस्ताक्षरांवरून संगणकासाठी पाच टंक तयार केले. त्यासाठी प्रत्येकीने चार महिने खपून सुमारे २००० कागद गिरविले. २०२३ च्या नववर्षाला तेथील राष्ट्राध्यक्षांनी आपले शुभेच्छापत्र त्यांतल्याच एका अक्षरात छापले.

त्या अक्षरांचा नमुना मामंजींनी भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिला. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. मग पुतण्याला जवळ बोलावून म्हणाले, "हे शेवटचे झाले. त्या दोन हजारांतला पहिला कागद कोठे पाहावयास मिळेल का रे?"

तो शोध करीत आहे.