धाब्यावरची खारी

दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्या आमच्या पिढीला घर म्हटलं की आधी कोठा आठवतो. ढोरांचा कोठा आणि त्याला लागून कापसाची खोली. खाली दगडी पाया, वर चपट्या भाजक्या विटा, सागाच्या लाटा आणि माथ्यावर मातीचा धाबा. दिवाळीनंतर वेचा सुरू झाला की ती खोली छताला टेकायची. आम्ही चुलत-आते भावंडं वरच्या झरोक्यातून गंजीवर उड्या टाकायचो. वाळल्या पानांची किटी अंगभर टोचायची. आबाजी ओरडायचे, "उतरा बे खाली, कापूस मयते!" कंदील मात्र त्या खोलीत कोणी नेत नसे.

जुनी माणसं सांगायची, हे बांधकाम कापसाच्या पैशाचं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला.

तो कोठा टिकला मात्र बायामाणसांच्या हातांनी. मिरगाआधी धाब्यावर खारी माती पडलीच पाहिजे. ती ओली झाली की फुगते, भेगा मिटवते, पाणी खाली उतरू देत नाही. गडीमाणसं टोपली वर द्यायची, मोठी आई आणि काकू भिंती लिंपायच्या. एक साल चुकलं की लाटेला ओल धरायची. आम्ही शिकून अमरावती, अकोला, पुण्याला गेलो आणि ते साल चुकतच गेलं. मग जुनं सागवान घेणारे आले. लाटा निघाल्या की विटांना पावसाळा सोसत नाही.

बाळापूरचा १७५७ साली पुरा झालेला विटांचा किल्ला संरक्षित स्मारक आहे, आणि ते योग्यच आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्याला शंभर वर्षांचं वय लागतं. तेवढं वय आमच्याकडच्या कितीतरी कोठ्यांचं भरेल. पण ढोरं बांधायच्या जागेला वारसा म्हणायचं कोणाच्या मनात येत नाही. किल्ल्यात सुभेदार राहिले, पण वऱ्हाड पोसलं ते या कोठ्यांनी.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये प्रत्येक घराची नोंद असतेच. तिथेच या कोठ्यांची वेगळी नोंद व्हावी, आणि दुरुस्तीचा पैसा सिमेंटला न जाता धाबा घालता येणाऱ्या हातांना मिळावा. गावात आता अशी दोन-चार म्हातारी माणसंच उरली आहेत. त्यांच्याकडून पोरांनी हे काम यंदाच्या मिरगाआधी शिकून घ्यायला हवं.