खोड

आमच्या कचेरीत येणाऱ्या बहुतेक अर्जांना शेवटी एक रकाना असतो. शेरा. लोक नाव लिहितात, पत्ता लिहितात, सर्व्हे नंबर लिहितात आणि शेऱ्याच्या रकान्यात एक आडवी रेघ मारून मोकळे होतात. नेमकी गोम तिथेच असते. भावाची हरकत आहे, जागेवर जुना दावा आहे, सही करणारा आता हयात नाही... हे सगळे त्या रेघेखाली झाकलेले असते. वीस वर्षे खिडकीमागे बसून मी लोकांना हेच सांगत आलो, "बाबांनो, काही असेल तर आधीच लिहा. मागाहून कळले की तुम्हालाही त्रास आणि आम्हालाही."

आणि गेल्या मे महिन्यात मी स्वतः तशीच रेघ मारली. अर्ज माझ्या कुत्र्याचा होता.

आमच्या कुत्र्याचे नाव टायगर. नावावर जाऊ नका. पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा, मांजराला घाबरणारा जीव आहे. आपल्याकडे अशा कुत्र्याला सर्रास 'पॉमेरियन' म्हणतात. खरे पाहता आपल्याकडची ही बहुतेक कुत्री 'इंडियन स्पिट्झ' जातीची. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातला टफी आठवतो ना? तोच हा घराणा. त्यानंतर घरोघरी टफी आले. आमचा टायगर त्या मानाने अलीकडचा, आता नऊ वर्षांचा.

माझी ताई उचगावला दिलेली. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की हिंडलगा, सुळगा आणि मग उचगाव. मळेकरणी देवीचे गाव, रताळ्या-बटाट्यांच्या शेतांचे गाव आणि सीमाभागातल्या मराठीचा दिवा दरवर्षी साहित्य संमेलन भरवून तेवत ठेवणारे गाव. सुट्टीत आम्ही साखळी, केरी, चोर्ला घाट करत जांबोटीमार्गे तिकडे जातो. गेल्या वर्षी टायगरलाही गाडीत घातले. घाटातल्या धुळीने त्याचे ध्यान झाले होते. कानामागे आणि काखेत केसांच्या जटा झालेल्या. ताई म्हणाली, "बेळगावातून एक मुलगा घरी येऊन कुत्र्यांचे केस कापतो. शेजारच्यांकडे येतो. बोलावू?"

मी म्हटले, बोलाव.

मुलगा वेळेवर आला. पंचविशीचा असेल. पाठीवर पिशवी, तिच्यात मशीन, चार-पाच तऱ्हेचे कंगवे, कात्र्या, टॉवेल. घरची भाषा कानडी, पण मराठी बेळगावी थाटाची, अडखळत का होईना, नीट समजेल अशी. आल्या आल्या त्याने टायगरला हात लावला नाही. लांब उकिडवा बसला आणि मला विचारू लागला. वय किती? लस कधी दिली? कुठे दुखते-खुपते काय? आधी कुणी केस कापलेत? आणि शेवटी, "काका, चावतो काय हा?"

"छे रे! गरीब आहे. कायच करत नाही."

वाचकहो, इथे मला कबुली द्यायची आहे. टायगर चावतो. कुणालाही नाही, कधीही नाही. पण डाव्या कानाला हात लावला की वळून दात दाखवतो, आणि दोनदा त्याने दात लावलेही आहेत. एकदा माझ्या मुलाला, एकदा गोव्यातल्या एका केस कापणाऱ्याला. त्या दुसऱ्या प्रसंगानंतर "याला परत आणू नका" असे ऐकून आम्ही घरी आलो होतो. ते मनात होते. खरे सांगितले तर हाही उठून जाईल, अशी भीती. त्याहून खोलवरची गोष्ट म्हणजे लाज. आपल्या लेकराची खोड परक्याला कशी सांगायची? शिक्षिका घरी आल्यावर आई म्हणते ना, "आमचा बाळ शांत आहे हो." तसेच.

मग त्याने विचारले, केस किती ठेवायचे. मी ऐटीत सांगितले, "सगळे काढून टाक. उन्हाळा आहे, त्याला गार वाटेल."

तो हसला. म्हणाला, "नको काका. ह्याला दोन थर असतात." आणि बोटांनी केस बाजूला करून दाखवले. वर लांब, राठ केस आणि आत कापसासारखा मऊ थर. हा आतला थर थंडीत ऊब धरतो तसाच उन्हाची झळही अडवतो. कातडीपर्यंत भादरले तर ऊन थेट कातडीला लागते, आणि पुष्कळदा केस पुन्हा पहिल्यासारखे येत नाहीत, ठिगळ लावल्यासारखे येतात. मेलेला मऊ केस विंचरून काढला की वारा आपोआप आत जातो. जटा मात्र कापाव्याच लागतील, म्हणाला, कारण प्रत्येक पावलाला त्या खालची कातडी ओढतात.

"आंघोळ घातली काय हो ह्याला?" त्याने विचारले. ताईने आदल्या दिवशी मोठ्या कौतुकाने अंगाच्या साबणाने न्हाऊ घातले होते. त्याने कपाळाला हात लावला. जटा न सोडवता पाणी घातले की त्या आवळतात. नारळाची ओली सुंभाची गाठ कशी बसते, तशा. आम्ही मदत म्हणून केले आणि त्याचे काम दुप्पट झाले. तेही आम्ही आपण होऊन सांगितले नव्हते. त्याने विचारले म्हणून कळले.

काम सुरू झाले. तो कानडीत टायगरला म्हणत होता, "सुम्म इरु, सुम्म इरु." मी कोकणीत म्हणत होतो, "ओगी राव रे." ताई मराठीत, "गप बस बघू." तिघांचा अर्थ एकच. टायगरला त्यातले एकच कळत होते आणि तेही तो ऐकत नव्हता. पाठ झाली, शेपटी झाली, काख झाली. मग त्याचा हात डाव्या कानामागच्या जटेकडे गेला. मी पाहत होतो. माझ्या तोंडात शब्द आला होता, खोटे बोलत नाही. पण मला वाटले, इतका वेळ शांत आहे, आताही राहील.

नाही राहिला.

अंगठ्याच्या मुळाशी दोन दात चांगले रुतले. रक्त आले. मुलाने ओरडा केला नाही, टायगरवर हातही उगारला नाही. आधी मशीन बंद केले, कुत्र्याला हलकेच खाली सोडले, मग नळाखाली हात धरला. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुवायचे, हे त्याला ठाऊक होते. त्या पंधरा मिनिटांत मी त्याच्या शेजारी उभा राहून सगळे सांगून टाकले. कान, मुलगा, गोव्यातला तो प्रसंग.

त्याने मान वर न करता एवढेच म्हटले, "आधी सांगायचं की काका. मुसकं घातलं असतं. नाहीतर कान तेवढा सोडला असता."

म्हणजे तो उठून गेला नसता! त्याच्या पिशवीत मुसके होते. माझ्या एका वाक्याअभावी ते पिशवीतच राहिले.

सरकारी दवाखान्यात गेलो. रक्त आलेली जखम म्हणजे तिसऱ्या श्रेणीची. जखमेभोवती एक औषध आणि शिवाय रेबीजच्या लशीचे डोस. त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टरांनी टायगरच्या लशीचे कार्ड मागितले. कार्ड गोव्यात, कपाटाच्या खणात. आपल्या गोव्यात २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज यांनी कुत्र्यांना घरोघरी, गल्लोगल्ली लस टोचण्याची मोठी मोहीम चालवली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. आपण गोंयकार त्यामुळे थोडे निर्धास्त झालो आहोत. पण चोर्ला घाट चढून गेल्यावर ती निर्धास्ती कामाची नसते. समोरच्या माणसाला माझ्या राज्याचा लौकिक नको होता, माझ्या कुत्र्याचे कार्ड हवे होते. बायकोने संध्याकाळी त्याचा फोटो पाठवला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तरी डॉक्टर म्हणाले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा.

मुलगा म्हणाला, "कुत्रं इथंच ठेवा काका. मला दिसायला पाहिजे." हे त्याचे म्हणणे मला मान्य करावेच लागले. मी एकटा गोव्याला परतलो, टायगर ताईकडे राहिला.

त्या रात्री निघण्यापूर्वी भावोजींपुढे मी हळहळत होतो. भावोजींचे शेत आहे, आता ट्रॅक्टर आला तरी बैलांची एक जोडी त्यांनी ठेवली आहे. ते म्हणाले, "बैलांना पत्र्या मारायला माणूस येतो, तेव्हा आम्ही पहिल्यांदा काय सांगतो? हा डाव्या पायानं लाथ मारतो, तो शिंग लावतो. त्याचं चांगलं काय ते सांगतच नाही. बैल पाडायचाय त्याला, विकत घ्यायचा नाही." थोडे थांबून म्हणाले, "खोड बाजारात लपवतात. पत्रीवाल्याला सांगतात."

मी बी.ए. मराठी. पण खोड या शब्दाचा असा उपयोग मला त्या रात्री कळला.

विचार करू लागलो. खरे तर हे काम आपल्याला नवीन नाही. घोड्याला, बैलाला खरारा करायचे आपल्या बापजाद्यांना माहीत होते. धनगर मेंढ्यांची लोकर कातरतात. पण गावातला पत्रीवाला त्या बैलाला वासरू असल्यापासून ओळखतो. आपला गावचा नाभिकही तसाच, डोके पुढे केले की त्याला सगळे ठाऊक. घरी येणारा हा मुलगा मात्र कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहतो, हातात धारदार कात्री असते आणि जो बोलू शकतो तो मालक "गरीब आहे" म्हणतो. ज्याच्या अंगावर काम व्हायचे त्याला बोलता येत नाही. मग त्याच्या वतीने बोलायचे कुणी? तो बोलतो ती भाषा दातांची. आपण गप्प राहिलो म्हणून त्याला ती वापरावी लागते.

परदेशात या व्यवसायातली माणसे पहिल्या भेटीत मालकाकडून कागद भरून घेतात. लस, आजार, औषधे, आधी कुणाला चावला का, अडचण आल्यास कुणाला फोन करायचा. आपल्याकडेही काही शहरांत तशी पद्धत येऊ लागली आहे. उचगावच्या अंगणात तो कागद नव्हता, पण त्या मुलाने त्यातला प्रत्येक प्रश्न तोंडी विचारला होता. विचारणारा चुकला नव्हता. रेघ मी मारली होती.

दहा दिवस मी रोज संध्याकाळी त्या मुलाला फोन करत होतो. "हात कसा आहे?" "बरा आहे काका. टायगर जेवला काय?" दोघांनाही एकमेकांच्या उत्तराची गरज होती. त्याचे आठवडाभर काम बुडाले. त्याने दिवस मोजून पैसे सांगितले, एक रुपया जास्त नाही, एक रुपया कमी नाही. मी दिले. त्यात उपकार कुणाचेच नव्हते.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, जी मी कधीपासून ऐकायला हवी होती. "त्याच्या डाव्या कानाला वास येतोय काका. डॉक्टरला दाखवा." ताईने टायगरला बेळगावात पशुवैद्याकडे नेले. कान आतून चिघळला होता. बऱ्याच दिवसांचे दुखणे, औषध चालू झाले. म्हणजे ज्याला आम्ही दोन वर्षे खोड म्हणत होतो ते दुखणे होते. आम्ही लाजेने ते झाकले आणि त्या झाकण्यात ते वाढले. गोव्यातल्या त्या पहिल्या माणसाला दात लागले तेव्हाच हे उघड बोललो असतो, तर कुणीतरी कानात पाहिले असते.

अकराव्या दिवशी मी टायगरला आणायला उचगावला गेलो. राहिलेली जटा काढायला मुलगा पुन्हा आला. अंगठ्यावर पट्टी होती. या वेळी मी कचेरीच्या सवयीने एक कागद लिहून नेला होता. नाव, वय, लशीच्या तारखा, कानाचे औषध. खाली मोठ्या अक्षरांत शेरा: डाव्या कानाला हात लावल्यास चावतो. दोनदा चावला आहे. त्यातले 'दोनदा' खोडून 'तीनदा' केले आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने देवनागरी अक्षरे लावत लावत वाचले. खिशातून पेन काढले आणि शेऱ्याखाली आपल्या गोल गोल कानडी अक्षरांत तेच लिहिले. म्हणाला, "असू दे. बेळगावात दुसरं कुणी आलं तर त्याला बी वाचता यायला पाहिजे."

मग पिशवीतून मुसके काढले. टायगरला ते हुंगायला दिले, आतल्या बाजूला बोटभर दही लावले. टायगर दही चाटत असताना पट्टा हलकेच मागे बांधला गेला. कानामागची जटा दोन मिनिटांत निघाली. कुणी गुरगुरले नाही.

तो कागद आता लशीच्या कार्डासोबत गाडीच्या खणात असतो.