भीमेच्या उगमाशीं

नोकऱ्यांपायीं आमचें एकत्र कुटुंब पुणें व बंगळूर असें विभागल्यापासून चुलत भावंडांची गांठ सुटीपुरतीच पडते. यंदा दिवाळीला जोडून आलेला शनिवार-रविवार साधून त्या चौघांस घेऊन आम्ही उभयतां भीमाशंकरीं राहिलों.

पहिला दिवस भांडणांत गेला. खिडकीजवळची जागा, चकल्यांची वांटणी, एवढेंच नव्हे तर शेकरूं प्रथम कोणास दिसलें, यावरही वाद! या मोठ्या तांबूस खारीच्या रक्षणासाठीं १९८५ सालीं येथें अभयारण्य झालें, हें आमचें सांगणें कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशीं भीमेचा उगम पाहून धाकटी नात हिरमुसली. "एवढीशी? मग पंढरपुरास इतकी मोठी कशी होते?" आम्हीं नांवें सांगितलीं: वाटेंत इंद्रायणी मिळते, मग मुळामुठा, घोड, नीरा. "आणि नांव भीमाच राहतें?" थोरल्या नातवानें शंका काढली. राहतें; पाणी मात्र सर्वांचें.

देवळाच्या पायऱ्या परत चढतांना आमचे गुडघे कुरकुरूं लागले, तेव्हां चौघांनीं न सांगतां पिशव्या वांटून घेतल्या. आमच्यामागें हीं मुलें एकमेकांस विचारतील कीं नाहीं, ही चिंता आम्हांस होती; ती आतां पूर्वीइतकी वाटत नाहीं.