दाबाची टाकी

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे आपले पूर्वज म्हणत. आता आड बुजले, रहाट मोडीत निघाले. सुरतेत स्थायिक झालेल्या आपल्या कित्येक घरांत बोअर आला आणि त्यामागोमाग दाबाची टाकीही आली. नळ उघडताच पाणी जोमाने येते. परंतु ते धाडणारा खरा सेवक म्हणजे टाकीत कोंडलेली हवा, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

या टाकीच्या पोटात रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी, तिच्याभोवती हवा. मोटर पाणी भरते तेव्हा हवा दबते. नळ उघडला की तीच हवा पाणी पुढे ढकलते. चौरस इंचास 20 पौंड दाब उरल्यावर मोटर सुरू व्हावी आणि 40 पौंडांवर थांबावी अशी योजना असेल, तर रिकाम्या टाकीतील हवा 18 पौंड असावी लागते. ती हळूहळू कमी होत जाते. मग तांब्याभर पाणी घेतले तरी मोटर धडधडते, क्षणात थांबते, पुन्हा धडधडते आणि अखेर अकाली जळते.

निवृत्तीनंतर हे काम आम्ही अंगावर घेतले. दर सहा महिन्यांनी वीज बंद करून, टाकी पूर्ण रिकामी करून, गाडीच्या चाकाची हवा मोजण्याच्या मापकानेच आम्ही दाब पाहतो व वहीत टिपून ठेवतो. उणा भरला तर पंपाने हवा भरतो. हवेच्या झडपेतून पाणी आले, तर पिशवी फाटली असे समजावे.

आमचे चिरंजीव म्हणतात, आता गच्चीवरची टाकी काढून टाकू. त्यांची तक्रार खोटी नाही. नळापेक्षा टाकी तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम चार पौंड मिळतो. पण दाबाची टाकी ही साठ्याची टाकी नव्हे. 100 लिटरच्या टाकीतून मोटरीविना 30-35 लिटरच पाणी हाती येते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला, तळमजले बुडाले, वीज गेली. तेव्हा मोटरीवर विसंबलेले नळ कोरडे पडले आणि आमच्या गच्चीवरील टाकीतून शेजाऱ्यांनीही हंडे भरून नेले.

म्हणून स्नानगृहाला खुशाल दाबाची टाकी असावी. स्वयंपाकघराचा एक नळ मात्र गच्चीवरच्या टाकीलाच जोडलेला राहावा, एवढा आमचा आग्रह आहे. पाण्याला खाली यायला वीज लागत नाही.