सनावळीतलं एक वर्ष

इतिहासाच्या शिक्षकाला झोपेतून उठवून विचारलं तरी काही सनावळ्या बिनचूक सांगता येतात. १४५३ कॉन्स्टँटिनोपल, १४९२ कोलंबस, १४९८ वास्को द गामा. एकतीस वर्षं मी हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. परीक्षेत एका गुणाची रिकामी जागा यायची. भरली की काम झालं!

१९८३ सालची गोष्ट आहे. आमची शाळा लालबाग-परळच्या बाजूची. आठवीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की, कोलंबसाने १४९२ मध्ये अमेरिकेचा शोध लावला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, शोध लावला म्हणजे तिथली माणसं काय हरवली होती का?"

वर्ग खो खो हसला. मला वाटलं, हा माझी टिंगल करतोय. मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं.

हे सगळं मी विसरले होते असं म्हणणार नाही, पण आठवायचं कारणही पडलं नव्हतं. ते पडलं स्पेनमध्ये, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. लेक कितीतरी दिवस मागे लागली होती, "आई, गुडघे चालताहेत तोवर चल." तिने माद्रिदची तिकिटं काढली आणि आम्ही दोघीच निघालो. यात्रा कंपनी नाही, गाईड नाही. तिच्या हातात मोबाईल आणि माझ्या हातात वही.

माद्रिदहून तोलेदो आगगाडीने अर्ध्या तासावर. नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या टेकडीवरचं हे जुनं गाव. चढ-उतार इतके की दर दहा मिनिटांनी मी एखादी पायरी बघून बसत होते. अशीच एका गल्लीत बसले असताना पायाखालच्या फरशीत बसवलेली एक छोटीशी रंगीत टाईल दिसली. तिच्यावर हिब्रू अक्षरं होती. लेकीने मोबाईलमध्ये बघून सांगितलं, "आई, ही ज्यू लोकांची वस्ती होती." मी इकडेतिकडे पाहिलं. वस्ती होती, घरं होती. फक्त ते लोक नव्हते.

जवळच 'सांता मारिया ला ब्लांका' आहे. नाव मेरीचं, पण इमारत बांधली ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणून. आतल्या पांढऱ्याशुभ्र कमानी मशिदीतल्यासारख्या, कारण कारागिरांची घडण त्या शैलीतली. पुढे त्याचं चर्च झालं. म्हणजे एकाच इमारतीत तीन धर्म! मला फार सुंदर वाटलं आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं. कोणी कोणाला जागा दिली आणि कोणी कोणाची घेतली, हे भिंतींकडे बघून कळत नाही.

कोर्दोबाला गेलो तेव्हा तर मी बराच वेळ बोललेच नाही. इथली मोठी मशीद आठव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतली आणि पुढची दोनशे वर्षं वाढवत नेली. आत साडेआठशेच्या वर खांब आहेत. वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. कुठल्याही दिशेला पाहा, खांबांचं जंगल संपतच नाही. यातले कितीतरी खांब आणखी जुन्या रोमन इमारतींमधून काढून आणलेले. चालत चालत मध्यभागी आलो तर छप्पर एकदम उंच गेलं आणि समोर भलंमोठं चर्च! १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकलं आणि सोळाव्या शतकात मशिदीच्या पोटात हे चर्च उभं राहिलं. मला दोन्ही आवडलं. खरं सांगते, राग कोणाचा यावा हेच कळेना. बाहेर आल्यावर संत्र्याच्या झाडांच्या अंगणात बसून आम्ही गुमान पाणी प्यायलो.

त्याच शहराच्या ज्यू वस्तीत मायमोनिडीझचा पुतळा आहे. बाराव्या शतकातला हा मोठा तत्त्वज्ञ आणि वैद्य कोर्दोबाचाच. त्याच्याही कुटुंबाला हे गाव सोडावं लागलं होतं, पण त्यांना घालवणारे उत्तर आफ्रिकेतून आलेले कट्टर मुस्लिम राज्यकर्ते होते. म्हणजे घालवून देणं ही काही एकाच धर्माची मक्तेदारी नाही.

मग ग्रानादा. अलहंब्राचं तिकीट आधी काढावं लागतं आणि आतल्या राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. वेळ चुकवून चालत नाही. बारा सिंहांचं कारंजं, भिंतींवर नक्षीसारख्या कोरलेल्या अरबी कविता, हजारो लाकडी तुकडे जोडून केलेलं छत... वर्णन करण्याची माझी ताकद नाही. पण इथेच माझ्या वहीत तारखा एकाखाली एक आल्या.

२ जानेवारी १४९२. शेवटच्या मुस्लिम सुलतानाने ग्रानादा राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांच्या हवाली केलं. तहात लिहिलं होतं की, मुसलमानांना आपला धर्म पाळता येईल. दहा वर्षांत ते वचन मोडलं.

३१ मार्च १४९२. याच शहरात राजा-राणीने हुकूम काढला. सर्व ज्यूंनी जुलैअखेर धर्म बदलावा किंवा देश सोडावा. सोनं, चांदी, नाणी बरोबर न्यायची नाहीत.

१७ एप्रिल १४९२. ग्रानादाच्या वेशीवरच्या सांता फे गावी त्याच राजा-राणीचा कोलंबसाशी करार झाला.

साडेतीन महिन्यांत तिन्ही! आणि मी एकतीस वर्षं त्यातली एकच गोष्ट शिकवली. पुस्तकात नव्हतं हे खरं. पण मी तरी कुठे शोधलं? शिक्षकाने पुस्तकाच्या आड लपायचं ठरवलं तर जागा भरपूर असते.

राणी आणि राजाच्या समाध्या ग्रानादाच्या शाही चॅपेलमध्ये आहेत. वर संगमरवराचे देखणे पुतळे, आणि चार पायऱ्या उतरून तळघरात डोकावलं तर साध्या शिशाच्या पेट्या.

सेव्हिलला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडली १२ ऑक्टोबर! कोलंबसाला जमीन दिसली तो दिवस. स्पेनचा हा राष्ट्रीय दिन. सुट्टी असल्याने गुआदलकिवीर नदीच्या काठाने लोक मुलाबाळांना घेऊन फिरत होते. ते पाहून छानच वाटलं. अमेरिकेतल्या काही देशांत मात्र हाच दिवस मूळ रहिवाशांच्या प्रतिकाराचा म्हणून पाळतात. दुपारी एका छोट्या हॉटेलात लेकीने पालक आणि काबुली चण्यांची भाजी मागवली. जिऱ्याचा वास आला आणि आठ दिवसांनी घरी जेवल्यासारखं वाटलं.

तिथल्या कॅथीड्रलमध्ये कोलंबसाची शवपेटी आहे. चार राज्यांचे चार पुतळे ती खांद्यावर घेऊन उभे आहेत. शेजारचा 'हिराल्दा' मनोरा एकेकाळी मशिदीचा मिनार होता. त्याला वर जायला शेवटच्या काही पायऱ्या सोडल्या तर जिनाच नाही, उतार आहेत. त्यामुळे मीसुद्धा सावकाश वर गेले! बांधणाऱ्याला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

शेवटी हट्टाने पालोसला गेलो. कोलंबस ३ ऑगस्टला इथून निघाला. धक्क्यावर त्याच्या तीन जहाजांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत, १९९२ च्या पाचशेव्या वर्षासाठी बनवलेल्या. किती लहान ती जहाजं! आपल्या कोकणातल्या मोठ्या मचव्यांची आठवण व्हावी अशी. माणसाच्या धाडसाला हात जोडावेत असंच वाटलं. याच वाटेने पुढे मिरची, बटाटा, शेंगदाणे आले आणि आपल्या उपासाची सोय झाली, हेही खरंच. पण ज्यूंना दिलेली मुदत संपून तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. त्याच उन्हाळ्यात याच किनाऱ्यांवर गाठोडी घेऊन, जहाजाची वाट बघत माणसं उभी होती.

त्यातली बरीच पायी पोर्तुगालला गेली. एका कुटुंबात तिकडेच एक मुलगा जन्मला, गार्सिया द ओर्ता. तो वैद्य झाला, १५३४ मध्ये गोव्याला आला. आपल्या औषधी वनस्पतींवर त्याने पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. मेल्यावरही त्याची सुटका झाली नाही. तो गुपचूप ज्यू धर्म पाळत होता म्हणून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. शाळेची सहल घेऊन मी त्या बागेत बसले आहे, मुलांना चुरमुऱ्याचे लाडू वाटले आहेत. हा माणूस कोण, हे ना मुलांनी विचारलं ना मी सांगितलं.

हाकलून देण्याचा तो हुकूम स्पेनने औपचारिकपणे रद्द केला १९६८ मध्ये. २०१५ मध्ये कायदा करून त्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वासाठी अर्ज करू दिले. त्याचीही मुदत २०१९ मध्ये संपली. पाचशे वर्षांनी का होईना, कोणीतरी "चुकलं" म्हटलं.

पालोसहून परतताना बसमध्ये मला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. त्याचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि मिटायचं नाव घेईना. त्या वर्षाच्या शेवटी बिऱ्हाड गावी गेलं. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मीच तपासून सही केला होता. कारणाच्या रकान्यात होतं, 'पालक गावी गेल्यामुळे'. दाखला न्यायला तो एकटाच आला होता. मी वर मान करून त्याच्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. वह्या तपासत होते.

दोन्ही गोष्टींची तुलना करत नाही मी. ते चूक होईल. पण घर सोडून निघालेला माणूस आमच्या पुस्तकात कधी नसतो. तो रकान्यात असतो, आणि तो रकाना भरणारे माझ्यासारखे कोणीतरी असतात.

तो आता पंचावन्नच्या आसपास असेल. त्या बॅचच्या मुलांनी मेळावा केला तेव्हा मी चौकशी केली. कोणालाच पत्ता ठाऊक नव्हता. भेटला तर सांगायचंय की, बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. तिथली माणसं हरवली नव्हती.

आणि तास संपेपर्यंत उभं राहायचं होतं ते मी.

असो.