असोद्याहून नारितास

जळगावाच्या अगदी शेजारी असलेले आमचे असोदा गाव दोन गोष्टींकरिता महाराष्ट्रास ठाऊक आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे ते माहेर. १८८० साली त्यांचा जन्म याच गावी झाला. दुसरी गोष्ट म्हणजे भरिताची वांगी. पहिलीचा प्रस्तुत लेखाशी काही संबंध नाही. दुसरीचा आहे, व तो कसा हे पुढे ओघाने येईलच.

आमचे चिरंजीव चार वर्षांपासून टोकियोस नोकरीत आहेत. नातू झाला, त्याचे बारसे झाले, तो रांगू लागला, पण हे सर्व आम्ही मोबाइलच्या काचेतच पाहिले. अखेर सन २०२४ च्या डिसेंबरात, चंपाषष्ठीचा नैवेद्य उरकून, आम्ही उभयता जपानला जाण्यास निघालो. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालेल्या व सारा जन्म खानदेशात काढलेल्या माणसास परदेशाचे काय ज्ञान असणार! महर्षी कर्वे यांना महिला विद्यापीठाची कल्पना जपानातील महिला विद्यापीठाच्या एका माहितीपुस्तिकेवरून सुचली व १९१६ साली त्यांनी ती प्रत्यक्षात आणली, एवढे आम्ही वर्गात अनेक वेळा सांगितले होते. आमची जपानची ओळख ती तेवढीच.

प्रवासापूर्वीच्या तयारीविषयी थोडे लिहितो, कारण आमच्यासारखे आईबाप आता घरोघरी आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे जपानात एक महिन्यापुरतीच नेता येतात. अधिक न्यावयाची तर 'युन्यू काकुनिन-शो' नावाचे प्रमाणपत्र आगाऊ मिळवावे लागते. आमच्या मधुमेहाच्या व सौभाग्यवतींच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या होत्या. ते प्रमाणपत्र चिरंजीवांनी तिकडूनच मिळवून पाठविले. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य दहा टक्क्यांहून अधिक असते, त्या तर मुळीच नेता येत नाहीत. शिवाय जपान सरकारच्या संकेतस्थळावर आपली सर्व माहिती आधी भरून ठेवली म्हणजे मोबाइलवर एक चौकोनी ठिपक्यांची आकृती मिळते. परदेशी माणसाच्या नोंदीसाठी व जकातीसाठी तीच दाखवावयाची असते. ही माहिती आम्ही स्वहस्ते भरली. मांस, फळे, भाजीपाला यांपैकी काही बरोबर आहे काय, असा एक प्रश्न त्यात होता. आम्ही "नाही" असे उत्तर दिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगितले, "फळे न्यायची नाहीत हो!"

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जळगाव स्टेशनवर निरोप द्यावयास घरची सर्व मंडळी आली होती. थोरल्या वहिनींनी सौभाग्यवतींच्या हाती एक निळी कापडी पिशवी दिली. आत मेतकूट, कुरडया, शेंगदाण्याची चटणी असे काही असेल, असे समजून आम्ही ती उघडूनही पाहिली नाही. दिल्लीपर्यंतचा प्रवास व तेथील विमानतळ यांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. तेथे अडले तर हिंदीत विचारता येत होते. रात्रीच्या विमानात झोप आली नाही. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास चालते, म्हणून आमच्या घड्याळातील पहाटे बाहेर लख्ख उजाडले होते.

विमान उतरू लागले तेव्हा खिडकीतून प्रथम दिसली ती शेते. धावपट्टीच्या जवळपर्यंत वाफे, झाडांच्या राया, कौलारू घरे. हा विमानतळ शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभा आहे आणि त्यांनी तो सुखासुखी उभारू दिलेला नाही. १९६६ साली सरकारने सानरिझुका येथील जागा ठरविली. बादशाही घराण्याचे पशुपालन-केंद्र तेथे होते आणि सभोवती, महायुद्धानंतर रान तोडून वसलेल्या कित्येक कुटुंबांची शेते होती. त्यांना न विचारता हा निर्णय झाला. शेतकरी व त्यांना मिळालेले विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली. दोन्हीकडील माणसे प्राणास मुकली. ३० मार्च १९७८ रोजी उद्घाटन व्हावयाचे, तर २६ तारखेस आंदोलक नियंत्रण-मनोऱ्यात शिरले आणि त्यांनी तेथील यंत्रांचा चुराडा केला. उद्घाटन २० मे रोजी झाले. दुसरी धावपट्टी २००२ साली सुरू झाली, तीही आखडती, कारण काही शेतकऱ्यांनी जमीन सोडली नाही. २००९ साली ती दुसऱ्या बाजूने वाढवून २५०० मीटर केली गेली. विमानाची चाके भुईस लागली तेव्हा आम्हांस आमच्या गावचे बांधावरून कोर्टापर्यंत गेलेले तंटे आठवले आणि त्या अनोळखी शेतकऱ्यांशी उगाच थोडे सख्य जुळल्यासारखे वाटले.

विमानातून उतरल्यावर चालणे सुरू झाले. आम्ही दुसऱ्या टर्मिनलच्या दूरच्या अंगास उतरलो होतो. मुख्य इमारतीशी या भागास जोडणारी एक छोटी गाडी पूर्वी असे. २०१३ साली ती बंद करून लांबलचक पादमार्ग केला गेला. त्यात सरकत्या पट्ट्या आहेत. सौभाग्यवती पट्टीवर पाय ठेवीनात. "तुम्ही जा, मी जमिनीवरूनच येते," असे म्हणून त्या पदर खोचून चालू लागल्या, आणि आमच्या पट्टीआधी पोहोचल्या.

फलक जपानी, इंग्रजी, चिनी व कोरियन अशा चार भाषांत होते. इंग्रजी आम्हांस येते. पण गुरुजीच्या डोळ्यास नवी अक्षरे दिसली की तो इंग्रजी कशाला वाचतो? बाहेर पडण्याच्या फलकावर दोन चिन्हे पुनःपुन्हा दिसत. पहिले एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखे. दुसरे नुसता चौकोन, म्हणजे तोंड. उच्चार 'देगुची'. तीन-चार फलकांनंतर आम्ही सौभाग्यवतींना सांगितले, "दोन डोंगर आणि एक तोंड दिसले की समजावे, वाट बरोबर आहे." पुढे साऱ्या मुक्कामात त्या याच खुणेवर स्टेशनांतून बाहेर पडत असत. जपानी वर्णमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह असा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून नेलेल्या संस्कृत वर्णक्रमाचाच तो ठसा होय. पुढे परतीच्या दिवशी विमानास अवकाश होता म्हणून नारिता गावातील नारितासान शिन्शोजी हे मंदिर पाहिले. ते ९४० सालचे आहे. देव 'फुदो', म्हणजे अचल. हाती खड्ग आणि पाश. तेथे नित्य अग्नीत समिधा देतात व त्या विधीस 'गोमा' म्हणतात. गोमा म्हणजे आपला होम! ढोलाच्या नादात ज्वाळा वर जाताना पाहून आम्ही नकळत हात जोडले. असो, विषयांतर झाले.

परदेशी माणसाच्या नोंदीच्या जागी दोन्ही तर्जनींचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेतात. हा नियम २००७ च्या नोव्हेंबरापासूनचा आहे. आमचे ठसे लगेच उमटले. सौभाग्यवतींचे काही केल्या उमटेनात. चाळीस वर्षे भांडी घासून, पीठ मळून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. आधार कार्डाच्या वेळीही हाच घोटाळा झाला होता. मागे रांग वाढत चालली. त्या ओशाळून बोट पदरास पुसू लागल्या. खिडकीतल्या अधिकाऱ्याने मात्र कपाळास आठी घातली नाही. त्याने स्वतःचे बोट दाबून दाखविले, मान लवविली, पुन्हा दाबून दाखविले. चौथ्या वेळी यंत्राने होकार दिला, तेव्हा आमच्या आधी तोच हसला. पारपत्रात चिकटविलेल्या कागदावर ९० दिवसांची मुदत होती.

खरा प्रसंग त्यापुढे आला. सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी आम्ही पेट्यांची वाट पाहत होतो. भिंतीवर फळांची व भाज्यांची चित्रे काढलेला मनाईचा फलक होता. अंगावर झूल घातलेला एक लहानसा बीगल जातीचा कुत्रा अधिकाऱ्याबरोबर सामान हुंगत फिरत होता. मांस वा फळे यांचा वास आला की ही कुत्री भुंकत नाहीत, त्या सामानापाशी मुकाट्याने खाली बसतात. तो आमच्यापासून पाच-सहा हातांवरून निघून दुसऱ्या पट्ट्याकडे गेला. सौभाग्यवती त्या चित्रांकडे पाहत होत्या. मग हलकेच म्हणाल्या, "अहो, या पिशवीत वांगी आहेत."

"वांगी? तुला सांगितले होते ना?"

"तुम्ही फळे म्हणालात. वांगी काय फळ आहे?"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वनस्पतिशास्त्राप्रमाणे वांगे हे फळच, हे आम्ही सातवीस शिकविलेले. पण तो वाद घालण्याची ही वेळ नव्हती. चूक आमची होती. प्रश्नात फळे आणि भाजीपाला दोन्ही असता आम्ही भाषांतरात एक शब्द गाळला होता, आणि परीक्षेत अशा चुकीला आम्ही पोरांचे गुण कापीत आलो होतो.

जपानच्या कायद्यात अशा गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा ३० लाख येनपर्यंत दंड आहे, हे आम्ही वाचले होते. कुत्रा तर निघून गेला होता. पिशवी उचलून सरळ चालते व्हावे, असा विचार मनात आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. तो आला, आणि चांगला मिनिटभर राहिला. बाहेर चिरंजीव उभे असतील; नातू कडेवर असेल. स्वतःहून सांगितले तर चौकशीसाठी बसवून ठेवतील की काय, ही भीती होती. एका बाजूस पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेली सुभाषिते होती. पण खरे सांगावयाचे तर त्या वेळी एकही सुभाषित आठवले नाही. "चला, देऊन टाकू, नाहीतर मला ते भरीत गोड लागायचे नाही," असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि पिशवी घेऊन चालू लागल्या. आम्ही मागोमाग गेलो.

वनस्पती-तपासणीच्या मेजावर एक तरुण बाई होत्या. आम्ही आमच्या मास्तरी इंग्रजीत सांगितले की, अर्जात "नाही" लिहिले आहे ते चुकीचे आहे. पिशवीतून तीन वांगी निघाली. प्रत्येक हिरवे, पांढुरक्या रेषांचे व वीतभर लांब. बाईंचे डोळे विस्फारले. जपानी वांगे जांभळे आणि हाताच्या मुठीत मावेल असे असते. "नासु?" त्यांनी विचारले. वांग्यास जपानीत 'नासु' म्हणतात हे आम्हांस तेव्हा कुठे ठाऊक! सौभाग्यवती घाबरून म्हणाल्या, "नासली नाहीत हो, काल-परवाची आहेत!" आम्हांस त्या स्थितीतही हसू आवरेना.

दंड झाला नाही. एका कागदावर सही घेतली, वांगी ठेवून घेतली, आमचा जकातीचा कागद दुरुस्त करून दिला आणि दोन्ही हातांनी परत देताना त्या बाई कमरेत वाकल्या. पुढे आम्ही या कडकपणाचे कारण शोधले. फळमाशी म्हणून जी कीड आपल्या बागांतून सर्रास आढळते, तिने जपानच्या दक्षिणेकडील बेटांत पूर्वी उच्छाद मांडला होता. एका जातीचा नायनाट १९८६ साली झाला. दुसरीसाठी वांझ केलेल्या माश्या अब्जावधींच्या संख्येने सोडाव्या लागल्या व १९९३ साली ती ओकिनावातून हटली. अशी एक माशी पुन्हा यावयास आमच्या वहिनींची एक पिशवी पुरे होती.

बाहेर चिरंजीव कावरेबावरे होऊन उभे होते. "बाबा, इतका उशीर?" आम्ही कारण सांगितले. त्यांनी आधी नमस्कार केला, मग विचारले, "किती होती?" तीन म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा आली तीवरून चार वर्षांत त्यांनी काय काय मनात ठेवले होते ते आम्हांस कळले. नातू सूनबाईंच्या कडेवरून आमच्याकडे टक लावून पाहत होता. काचेबाहेरचे आजोबा त्यास जरा मोठे वाटले असावेत; पाच मिनिटांनी तो आला आणि प्रथम त्याने आमचा चष्मा ओढला.

टोकियो नारितापासून साठेक किलोमीटर दूर आहे. चिरंजीवांचे बिऱ्हाड एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेल्या भारतीयांनी ही वस्ती धरली. २०१९ साली तेथील विभागसभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. दारापाशीच आपले किराणा दुकान पाहून सौभाग्यवतींचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी सूनबाईंनी जपानी वांगी गॅसवर भाजली. तेथील लोकही वांगे भाजून, साल काढून, आल्याबरोबर खातात. तुरीच्या काड्यांचा धूर नाही, लाकडी बडगी नाही, कळण्याची भाकरी नाही. चिरंजीवांनी ते भरीत तीनदा मागून घेतले व काही बोलले नाहीत.

त्याच रात्री असोद्याहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, वांगी पोहोचली ना? कशी लागली पोराला?" सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही झाले ते सर्व सांगितले, भाषांतराच्या चुकीसह. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग वहिनी म्हणाल्या, "घेतली तर घेतली. पण असोद्याची आहेत, हे तरी सांगितलंत ना त्या बाईला?"

ते मात्र सांगावयाचे राहून गेले होते.